कमरेला दोन गाठी

सुनेचे ओठ सुजून वांग्यासारखे जांभळे झाले होते. डोळे उघडे होते, पण ती कशाकडेच पाहत नव्हती. दवाखान्याच्या पलंगावर तिला टाकलं तेव्हा तिच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मग तोही बारीक झाला. मी तिचा हात धरला. बाहेर एप्रिलचं ऊन तापलेलं, दुपारचे दोन वाजलेले, आणि हात गार.

नर्स विचारत होती, "एमैंदि? एमैंदि?" म्हणजे काय झालं. मला तेलुगू बाजारापुरतं येतं. मी म्हणाले, "पुरुगु. पुरुगु चावलं."

मला म्हणायचं होतं किडा. तेलुगूत पुरुगु म्हणजे किडा, आळी, काहीही वळवळतं. पण इकडच्या खेड्यांत पुरुगु म्हणजे सापही. सापाचं नाव घेतलं की तो येतो असं लोक समजतात, म्हणून त्याला किडा म्हणतात. आम्हीही काही शहाणे नाही. आमच्यात साप चावला असं कोणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. चाळीस वर्षं मी तेलुगू बायांच्या बरोबरीने कापूस वेचला आहे. मला हे ठाऊक होतं. मुंगीला चीमा म्हणतात हेही ठाऊक होतं. पण त्या घडीला तोंडात पुरुगु आला तो आला.

नर्सने सुनेचं मनगट उलटं केलं. तिथे दोन ठिपके होते, एकमेकांजवळ, लाल. वर दंडाला आमच्या शेजारणीने लुगड्याची चिंधी करकचून बांधलेली. पुरुगु, दोन ठिपके, बांधलेला दंड. कोणीही साप म्हणेल. नर्स धावत गेली आणि सापाच्या औषधाच्या बाटल्या काढू लागली. डॉक्टर आला. तरुण होता. त्याने मला विचारलं, "अम्मा, साँप कैसा था? काला? चट्टे थे?"

तेव्हा मला कळलं की मी काय बोलून बसले.

"साँप नहीं," मी ओरडले. "चीमा. चीमा काटी."

"चीमा से ऐसा होता क्या, अम्मा?"

मी कमरेची तंबाखूची डबी काढली, उघडली आणि त्याच्या नाकासमोर धरली. तंबाखूत ती मुंगी पडली होती, अर्धी चेंगरलेली.

"ये. इसके हाथ पे थी. मैं देखी. मैं मारी."

त्याने डबीत पाहिलं. मग सुनेच्या पोटावरचं लुगडं बाजूला केलं. पोटभर गांधी उठल्या होत्या, एकात एक मिसळलेल्या. "पहले कभी काटी थी?" त्याने विचारलं.

"भादों में. तब हाथ सूजा था. अंग पे ऐसेच उठा था."

तो नर्सला भराभर तेलुगूत काही बोलला. तिने बाटल्या ठेवल्या, दुसरी सुई भरली आणि त्याने ती सुनेच्या मांडीत टोचली. मग नळी, सलाईन, तोंडावर हवेचं झाकण. मी भिंतीला टेकून उभी राहिले. कोणी बस म्हटलं नाही आणि मी बसलेही नाही. काही वेळाने शिट्टी परत सुरू झाली. त्याआधी शिट्टी ऐकून मला भीती वाटली होती. या वेळी ती ऐकून बरं वाटलं.

डबीत ती मुंगी असण्याचं कारण माझी आई. ती शेतमजूर होती, मीही तेच. रानात कोणाला काही चावलं तर पहिलं काम, चावलं ते मारायचं आणि जखमी माणसाबरोबर न्यायचं. रडणं नंतर. आईने मला शिकवलेल्या गोष्टींपैकी निम्म्या चुकीच्या होत्या. ही बरोबर निघाली.

घरी काय झालं ते सांगते. आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, नार्नूरच्या बाजूला आहे. घरात आम्ही दोघी. मुलगा बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत कामाला, महिन्यातून दोनदा येतो. सून शेजारच्या गावात मराठी शाळेत शिकवते. मी स्वतः चौथी पास. आमच्या मागच्या अंगणात मुंगण्याचं झाड आहे. शहरातले त्याला शेवगा म्हणतात. त्या रविवारी दुपारी सून खालच्या फांदीच्या शेंगा तोडत होती. एकदम "मामी!" असा आवाज आला; ती मला मामीच म्हणते. मी गेले तर ती मनगट धरून उभी, आणि मनगटावर एक मुंगी वाकून पोटाचं टोक टोचत होती. एकदा टोचली, थोडी सरकली, परत टोचली. मी ती चिमटीत धरून दाबली आणि डबीत टाकली.

सून म्हणाली, "मामी, मले कसंतरीच होऊन राह्यलं." मी म्हणाले, "बस जरा सावलीत." पाच मिनिटांत ती आडवी झाली.

शेजारीण कुंपणावरून आली. "पान लागलं वं माय! दंड बांधा! मांत्रिकाले बलवा कोनी!"

"मुंगी हाय ते," मी म्हणाले. "म्या सोताच्या डोयानं पाह्यली."

"मुंगीनं कोनी असं पडते काय? डोक्सं फिरलं का तुमचं?"

"मांत्रिक मुंगी उतरवते का सापच उतरवते, ते इचार त्याले. तोवर मी ऑटो पाहतो."

आमच्याकडे बायाही पाहतो, जातो असं बोलतात. ऑटो मिळाला. शेजारीण बरोबर आली आणि वाटभर रडली. ती वाईट नाही. तिला साप कळतो, मुंगी कळत नाही, एवढंच.

आता माझी चूक. भादव्यात तिला पहिल्यांदा चावली होती, त्याच झाडापाशी. तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला, अंगावर गांधी आल्या, आणि तिने शाळेला दोन दिवस सुटी टाकली. मी तिला म्हणाले होते, "मुंगी चावून कोनी मरत नाही. मास्तरणीचं अंग मेनाचं हाय का?" मला त्या मुंग्या जन्मभर चावल्या आहेत. आग होते, संध्याकाळपर्यंत जाते. मला काही होत नाही म्हणजे कोणालाच होत नाही, असं मी धरून चालले होते. ती दोन दिवस खाटेवर पडली होती आणि मी भांडी मुद्दाम आपटत होते. हे मी लिहिते आहे कारण ते झालं.

तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "अम्मा, अगली बार इससे ज़्यादा हो सकता. सब चीमा से नहीं होता, एकाध किसम से होता. कौनसी है, पक्का मालूम करो. फिर उसी से बच के रहना."

त्याने माझ्या डबीतल्या मुंगीचा फोटो काढून आदिलाबादच्या एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना पाठवला. त्या मावल्याला राहतात, म्हणून आम्ही त्यांना मावल्याच्या बाई म्हणतो. त्यांचं उत्तर आलं की फोटोत तंबाखू चांगली दिसते, मुंगी दिसत नाही. चेंगरलेली चालणार नाही. अख्खी हवी. आणि अमुक अमुक गोष्टी पाहून कळवा.

घरी आल्यावर सुनेचं वेगळंच सुरू झालं. एप्रिलच्या उन्हात पायात मोजे. उंबऱ्यावर, खिडकीत, खाटेच्या पायांभोवती मुंग्यांची पांढरी पावडर. साखरेच्या डब्याजवळ चार बारीक काळ्या मुंग्या दिसल्या तरी ती भिंतीला चिकटून उभी राहायची. शाळेत जायची नाही. म्हणायची, "तठी शिरसाचं झाड हाय, मामी. पोरं त्याच्याखाली बसतात. मी कशी बसू?" एक दिवस तिने बदलीची दरखास्त लिहिली, शहरात, सिमेंटच्या शाळेत. मला वाचून दाखवली नाही. मी तिच्या पिशवीत पाहिली.

मी म्हणाले, "शहरात मुंग्या नसतात का?"

"मंग मी कुठी जाऊ, मामी?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती खरंच विचारत होती.

मग मुंगी धरायचं काम माझ्याकडे आलं. तिच्याच्याने होणारं नव्हतं, आणि मला चावली तरी चालण्यासारखं होतं.

मी आधी गुळाचा खडा झाडाच्या बुंध्याशी ठेवला. बारीक काळ्या आल्या, मोठे काळे माकोडे, म्हणजे मुंगळे, आले, पण ही आली नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग मी गूळ सोडून नुसती बसून पाहिलं. पाहण्यात मला एक गोष्ट सापडली. ही रांगेत चालत नाही. एकटी हिंडते. खोडावरून वर जाते, खाली येते, थांबते, डोकं वळवून पाहते. खरंच पाहते. तिच्यासमोर मी बोट हलवलं की ती बोटाकडे तोंड करायची. गुळाशी तिला घेणं नाही. माझ्यासमोर तिने एक मऊ किडा धरला आणि घेऊन गेली.

मी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली तिच्यावर पालथी घातली, खालून कागद सरकवला. करोनातली हात पुसायच्या औषधाची एक बाटली घरात पडली होती, त्यातले चार थेंब आत टाकले. मेली. हातपाय शाबूत.

घरात आणून मोठ्या आवाजात म्हणाले, "धरली!"

सुनेकडे शाळेच्या विज्ञानाच्या पेटीतलं भिंग होतं. मी ओट्यावर उजेडात बसले. पुढ्यात स्टीलचं ताट, ताटात मुंगी, हातात सुई. माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे, त्या डोळ्याला स्वच्छ दिसतं. सून चार हात लांब वही घेऊन बसली.

"पहिलं काय पाहू?"

"बाईनं सांगितलं, कमरेच्या गाठी मोजा."

मी पाहिलं. "गाठ दिसत नाही. कंबरच दिसत नाही बरोबर."

"पाय किती, मामी?"

"पाय किती म्हंजे? मुंगीले जेवढे असतात तेवढे."

"मोजा तरी."

मी मोजले. आठ. परत मोजले. आठच. सून पहिल्यांदा हसली, कितीतरी दिवसांनी. "कोळी हाय ते, मामी! मुंगीचं सोंग घेतलेला कोळी!"

रंगही तोच, चालही तीच, पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरलेले. त्याने मला फसवलं. सहा म्हणजे मुंगी, आठ म्हणजे कोळी. सत्तरीत आल्यावर मी पाय मोजायला शिकले. शेजारीण कुंपणावरून ऐकत होती. ती म्हणाली, "बुढीनं कोया पकडला! उद्या हत्ती पकडन!" त्या दिवसापासून गावात मला कोळीवाली म्हणतात. म्हणू देत.

खरी मुंगी दोन दिवसांनी मिळाली. आधी बाटलीतच पाय मोजले. सहा.

आता जे दिसलं ते लिहिते. हे मी तेव्हा तोंडी सांगितलं आणि सुनेने वहीत उतरवलं. नंतर मी ते माझ्या अक्षरात परत लिहून काढलं, म्हणून मला पाठ आहे.

लांबी ज्वारीचे अडीच दाणे ओळीने ठेवले तर होते तेवढी. अंग सडपातळ. डोकं काळं. छाती तांबूस, भाजलेल्या विटेच्या रंगाची. पोट काळं, मागे निमुळतं होत गेलेलं. पाय काळपट, टोकाकडे फिकट. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, लांबट आणि अंगाच्या मानाने मोठे. बाकीच्या मुंग्यांचे डोळे सुईच्या टोकाएवढे ठिपके असतात, हिचे तसे नाहीत. म्हणून हीही माझ्या बोटाकडे पाहत होती. डोक्याच्या माथ्यावर बारीक ठिपके आहेत. मला दोन दिसले. सून म्हणते तीन आहेत.

मिशी दोन. प्रत्येक मिशीचा पहिला तुकडा लांब, मग कोपरासारखी वाकते, मग पुढे मण्यांसारखे आखूड तुकडे. मी सुईने एकेक मणी मोजला. पहिला धरून बारा.

आणि कंबर. छाती आणि पोट यांच्या मध्ये कंबर आहे, बारीक, आणि कमरेला दोन गाठी. लहान मुलाच्या करगोट्यात दोन मणी ओवावेत तशा, एकामागे एक, तांबूस.

"दोनच?" सून वहीतून वर न पाहता म्हणाली.

"दोन."

"बराबर पाह्यलं?"

"तू ये अन् पाह्य."

ती लगेच उठली नाही. मी भिंग ताटाजवळ ठेवलं आणि चहा करायला आत गेले. मी मुद्दाम गेले, हे सांगायला हरकत नाही. चहाला दोनदा उकळी येऊ दिली. बाहेर आले तेव्हा ती ताटावर वाकली होती, भिंग डोळ्याला, आणि एका हाताने पदर घट्ट आवळून धरलेला. ती खूप वेळ पाहत होती.

"दोन हायेत," ती म्हणाली. मग भिंग खाली ठेवून, "मेल्यावर लयच लहान दिसते, मामी."

त्यानंतर आम्ही अंगणातल्या बाकीच्या धरल्या. मोठा काळा माकोडा: कमरेला एकच गाठ, तीही चपटी, खवल्यासारखी. आंब्यावरची लाल मुंगी, जी पानं शिवून घर करते: एक गाठ, पाय लांब. ती कडकडून चावते आणि आंबट पाणी सोडते, पण तिला काटा नाही. सुईने पोट दाबलं तर टोकातून काही निघत नाही. आमच्या मुंगीचं पोट दाबलं तर केसाहून बारीक काटा बाहेर आला. सून तेव्हा दोन पावलं मागे गेली. मग परत आली आणि तो काटा तिने वहीत काढला. चित्र चांगलं आलं. मला मिशासुद्धा नीट काढता आल्या नसत्या.

वहीच्या पानांचे फोटो आणि बाटलीतली मुंगी, दोन्ही मावल्याला गेलं. फोटो फोनवरून, मुंगी बसच्या कंडक्टरकडून. आठवड्याने बाईंचा फोन आला. सुनेने आवाज मोठा केला. बाई हिंदीत बोलल्या. म्हणाल्या की आता शंका उरली नाही, ही ती काटा मारणारी झाडावरची मुंगी, आशियाभर आढळते, पोकळ वाळक्या लाकडात राहते, आणि काही माणसांना तिचं विष फार लागतं. मग त्यांनी शास्त्रातलं नाव सांगितलं. टेट्रापोनेरा रुफोनायग्रा. मी दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा जीभ अडली.

"उसका माने क्या?" मी फोनमध्ये विचारलं.

"रुफो यानी लाल-सी, अम्मा. नायग्रा यानी काली."

"म्हंजे तांबूस-काळी," मी सुनेला म्हणाले. "एवढं शिकून त्यायनंही तेच म्हटलं?"

बाई हसल्या. त्यांना मराठी कळत होतं तर.

मग बाईंनी मला विचारलं की दोन गाठींचं तुम्हाला आधी कोणी सांगितलं होतं का. मी म्हणाले की तुम्हीच मोजा म्हणालात, मी मोजल्या. त्या म्हणाल्या की त्यांची कॉलेजातली पोरंपोरी घाईत एकच मोजतात. हे ऐकून मला बरं वाटलं. शाळेत मला कोणी बरोबर म्हटल्याचं आठवत नाही.

नाव कळलं म्हणून मुंगी कमी विषारी होत नाही. पण घरात फरक पडला. साखरेवरच्या मुंग्या सून बोटाने झटकू लागली. माकोडा पायावरून गेला तर नुसती खाली पाहायची, मोजायची आणि म्हणायची, "एक." मोजे गेले. पावडर मी झाडून टाकली. आधी तिला जगातल्या सगळ्या मुंग्यांची भीती होती. आता एकीचीच होती, आणि तिचा रंग, कंबर, चाल सगळं तिला पाठ होतं. दरखास्त पिशवीतच राहिली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिने दरखास्तीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलांसाठी मुंगीचं चित्र काढलं आणि वर्गात लावलं. खाली लिहिलं: ही दिसली तर हात लावू नका, मला सांगा. आता त्या शाळेतली पहिलीतली पोरंही मुंगीच्या कमरेला गाठी किती ते विचारतात.

मुंगण्याचं झाड तोडा असं सगळ्यांनी सांगितलं. मी आधी मुंगीच्या मागे लागून घर शोधलं. दोन दुपारी गेल्या. एका वाळक्या जाड फांदीला पेन्सिल जाईल एवढं भोक होतं, तिथे ती शिरली. मग दुसरी निघाली. मी त्या दिवशी सुनेला शाळेत जाऊ दिलं आणि मग कुऱ्हाड घेतली. फांदी पाडली, ओढत नाल्यापर्यंत नेली आणि जाळली. चार जागी चावल्या. आग झाली, संध्याकाळी गेली. हिरवं झाड ठेवलं. शेंगा आम्ही अजून खातो.

डॉक्टरने एक कार्ड करून दिलं होतं. त्यावर सुनेचं नाव, काय चावल्यावर काय होतं, आणि कोणती सुई किती द्यायची. शेजारच्या गावात आरोग्य उपकेंद्र आहे, तिथल्या नर्सबाईंना त्याने फोन करून समजावलं. कार्डाच्या मागच्या बाजूला सुनेने मुंगीचं चित्र चिकटवलं. वर तेलुगूत "चीमा" असं मोठ्या अक्षरात लिहिलं. तो शब्द मी लिहायला लावला. पुरुगु कुठेही नको म्हणाले.

तरी परत चावली. त्यानंतरच्या वर्षी, पोळ्याच्या आधी. सकाळी शाळेला जाताना ती थांब्याजवळच्या चिंचेला टेकून उभी होती. मी तिला डबा द्यायला मागून गेले होते, ती घरी विसरली होती. मी पोचले तेव्हा ती मान धरून उभी होती. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज ठिकाणावर होता.

"मामी, तेच हाय. म्या पाह्यली."

"गाठी?"

"दोन. काळं डोक्सं, लाल छाती. चला लवकर."

शेजारणीची पोरगी मोटरसायकलवर बाजाराला निघाली होती. तिला थांबवलं. सून मध्ये, मी मागे, तिला दोन्ही हातांनी धरून. वाटेत तिचे ओठ जड झाले. मी मागून विचारत राहिले, "पाय किती?" ती म्हणायची, "सहा." "मिशीचे तुकडे?" "बारा." "माथ्यावर ठिपके?" "तीन." "दोन," मी म्हणायची. "तीन, मामी!" असं ती जिभेला वळत नसताना भांडत होती. भांडत होती तोवर श्वास चालू होता, म्हणून मी भांडण सोडलं नाही.

उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी कार्ड पाहिलं आणि काही विचारलं नाही. सुई मांडीत टोचली. मग गाडी बोलावून दवाखान्यात नेलं. तोच डॉक्टर होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "अम्मा, डब्बी?" मी डबी उघडून दाखवली. या वेळी त्यात नुसती तंबाखू होती. चिंचेवर मुंगी शोधण्यात मी वेळ घालवला नाही. तिने पाहिली होती, तेवढं पुरे होतं.

रात्रभर त्यांनी तिला ठेवून घेतलं. मी खाली चटईवर झोपले आणि झोप लागली. सकाळी मुलगा खाणीतून सरळ तिथे आला, कपड्यांना कोळसा लागलेला. "काय झालं, काऊन झालं" असं सुरू केलं त्याने. मी म्हणाले, "बायकोले इचार, तिले सगळं माईत हाय."

ती उठून बसली होती आणि दूध पीत होती. तिला तीन वेळा चावली. तिन्ही वेळा ती जगली.